गुलाबी फुगे पुरे, आता उपकेंद्रात पडदा लावा!

मंडळी, ऑक्टोबर आला की सगळं गुलाबी होतं. गुलाबी फिती, गुलाबी फुगे, सकाळी रॅली, दीपप्रज्वलन, फोटो, चहा-बिस्कीट. १३ ऑक्टोबरला मोबाईलवर 'नो ब्रा डे'चे पांचट विनोद फिरतात. अमेरिकेत तीच १३ तारीख २००९ मध्ये एका वेगळ्या कामासाठी ठरवली होती. ज्या बायकांचा स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरलाय, त्यांच्यासाठी. तो मेसेज मात्र मला आजवर एकानेही फॉरवर्ड केलेला नाही.

आता मोबाईल बाजूला ठेवा आणि शेताकडे बघा. ऑक्टोबरात कोकणात काय चालू असतं? भातकापणी! लांज्याची, राजापूरची, संगमेश्वरची बाई सकाळी भाकऱ्या थापून विळा घेऊन शेतात उतरलेली असते. जिला मान वर करायला सवड नाही, तिच्या जागृतीसाठी आपण नेमका हाच महिना धरतो. आणि कार्यक्रम कुठे? शहरात, सभागृहात, सकाळी दहाला.

माझ्या एका चुलतीची गोष्ट सांगतो. छातीत शेंगदाण्याएवढी गाठ तिच्या हाताला लागली, पण बोलली नाही. का, तर "दुखत नव्हती रे." काका मुंबईला, मुलगा मुंबईला, घरात म्हातारी सासू आणि दोन गुरं. गणपतीला सगळे चाकरमानी आले तेव्हाही गप्प, सणासुदीला कशाला विघ्न म्हणून. शिमग्याला तोंड उघडलं, तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

तिला जागृती नव्हती असं म्हणू नका. टीव्हीवर तिने सगळं बघितलं होतं. तिच्याकडे नव्हतं ते एक जाणतं बाईमाणूस, जिच्यापुढे संकोच न करता ब्लाउज काढता येईल. आणि तेही चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

लक्षात ठेवा, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतही नाही. म्हणून "दुखत नाही ना, मग राहू दे" हे वाक्य घातक आहे.

कुणी म्हणेल, गावोगावी डॉक्टर कुठून आणणार? डॉक्टर लागतच नाही! टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण गाठ लवकर सापडू लागली, हे नक्की.

आणि हे मुंबईतच होतं असंही नाही. आपल्या चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाला सोबत घेऊन टाटानेच रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या गावांत कॅन्सर तपासणीचं काम केलंय. म्हणजे वाट माहितीची आहे, चालायचं कोणी एवढाच प्रश्न.

सरकारी नियमही आहे बरं का. २०१६ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची स्तनतपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी, तीही गावपातळीवर. आशाताईंच्या फॉर्मात गाठीचा प्रश्न छापलेलाच आहे. आणि प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या किती? ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही!

रॅलीत चालणाऱ्या पोरींवर माझा राग नाही. दिवस पाळल्याने निदान विषय तरी निघतो, हे मान्य. माझी तक्रार आहे ती १ नोव्हेंबरबद्दल. त्या दिवशी फुगे फुटलेले असतात, बॅनर कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेलेला असतो, आणि गाठवाली बाई होती तिथेच असते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक उपकेंद्रात आठवड्यातला एक वार ठरवा, बारा महिने. दार बंद, पडदा लावलेला, तपासायला शिकलेली सिस्टर. काजू कारखान्यात आणि मिरकरवाड्यावर, जिथे बायका कामाला असतात, तिथे जा. बचत गटाच्या बैठकीला जा. ज्यांना पुढे पाठवलं त्या पोहोचल्या का, याची नोंद ठेवा. नुसती चिठ्ठी हातात देऊन भागत नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हेही बोला.

आणि तायांनो, काकूंनो, पुढच्या महिला ग्रामसभेत उभ्या राहून एवढंच विचारा: "आपल्या उपकेंद्रात यंदा किती जणींची छाती तपासली? किती जणींना पुढे पाठवलं? त्यातल्या किती जणी पोहोचल्या?" तीन आकडे. फळ्यावर लिहून मागा.

छाती हा शब्द ग्रामसभेत कसा उच्चारायचा, असं वाटलं तर माझ्या चुलतीला आठवा. तीही लाजूनच गप्प बसली होती.