एक डबी, तिघीजणी

परवा दुपारी आमच्या शेजारच्या वहिनी पदराआड एक डबी घेऊन आल्या. आमच्या अंबरनाथ पूर्वेला हल्ली दाराची बेल वाजली की पोस्टमन क्वचित, पार्सलवालाच फार! त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने इन्स्टाग्रामवर ‘सात दिवसांत गोरेपणा’ पाहिला आणि साठवलेल्या पैशांतून हे क्रीम मागवले. डबीवर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना आत काय आहे त्याची यादी.

“चांगली रागावले हो तिला,” वहिनी म्हणाल्या. मग हळूच, “पण दोन दिवस मीही लावतेय.”

मला एकदम अकोल्याची बातमी आठवली, 2023 सालची. तिथल्या एका तरुणीने ब्युटिशियनकडून आणलेले उजळपणाचे क्रीम तिची आई आणि बहीणही लावू लागली. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. घरात डबी कधी एकटीची राहते का, सांगा बरं!

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तोच रक्तात उतरून मूत्रपिंड बिघडवतो. कोपराच्या आत थोडे लावून पाहिले तर खाज, लाली कळेल. पारा नाही कळणार. काही क्रीमांत स्टेरॉइडही असते. तशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नयेत.

तेव्हा पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नसेल ती डबी वापरू नका. वापरून झाली असेल आणि चेहऱ्यावर, पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जाताना डबीही न्या.

लेकीशेजारी बसून ते व्हिडिओ एकदा पाहाच. पैसे घेऊन स्तुती करणाऱ्याने ‘जाहिरात’ असे लिहावे, हा जाहिरात मानक परिषदेचा दंडक 2021 पासून आहे. तो शब्द शोधायला तिला शिकवा.

आणि एक. मोबाइल घरात आला काल-परवा. “उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील,” हे मात्र ती पाळण्यातून ऐकत आली आहे. तेवढे बोलणे आपण थांबवू या. त्याला पैसे पडत नाहीत!