रेषांचे जाळे आणि सत्याचा शोध

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण संशोधनालाही लागू पडते. माणसे म्हणजे बिंदू आणि त्यांचे संबंध म्हणजे रेषा, अशी जाळ्यांची चित्रे आज समाजशास्त्रापासून गुन्हे तपासापर्यंत सर्रास वापरली जातात. ती आकर्षक असतात. परंतु आकर्षक चित्र म्हणजे पुरावा नव्हे.

या पद्धतीचा पाया मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी घातला. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या संस्थेत कोणाला कोणाबरोबर राहणे आवडेल, हे त्यांनी मुलींनाच विचारले आणि १९३४ साली ती उत्तरे रेखाचित्रांसह ग्रंथरूपाने मांडली. तेथे प्रत्येक रेषेमागे एका मुलीचा शब्द होता.

आज रेषेमागे काय असते? कधी एखादा दूरध्वनी, कधी एकाच कागदावरील दोन नावे! बिंदूंची जागा तर संगणकच ठरवतो. जोडलेले बिंदू स्प्रिंगने ओढल्यासारखे जवळ येतात, इतर दूर ढकलले जातात. अशी अनेक साधने निराळ्या आरंभापासून चालवली, की त्याच माहितीचे निराळे चित्र उमटते. मग मध्यभागी दिसणारा तो म्होरक्या, हे कशावरून?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर व्हाल्डिस क्रेब्स यांनी वृत्तपत्रांतील माहितीवरून १९ अपहरणकर्त्यांचे जाळे रेखाटले. त्यात मोहम्मद अट्टा केंद्रस्थानी दिसला. मात्र एखादा बिंदू वा रेषा सुटली तरी असे निष्कर्ष बदलू शकतात, हा इशाराही क्रेब्स यांनीच २००२ च्या लेखात दिला. शिवाय हे चित्र घटनेनंतरचे होते. नावे आधीच ठाऊक होती. घटनेपूर्वी असंख्य रेषांतून नेमकी रेषा वेचणे, ही खरी कसोटी!

तपासात हा विवेक सुटला तर काय होईल? संशयिताचा घरमालक, किराणा दुकानदार, मुलांचे शिक्षक हे सारेच त्या जाळ्यात बिंदू म्हणून उमटतील. रेषेला ओळख आणि कटकारस्थान यांतील भेद कळत नाही. तो माणसालाच करावा लागतो. एका रेषेने निरपराध कुटुंबाची अब्रू धुळीस मिळू शकते.

म्हणून ही चित्रे त्याज्य ठरत नाहीत. विखुरलेल्या माहितीतून नवे प्रश्न सुचवण्याचे त्यांचे सामर्थ्य मोठे आहे. परंतु बिंदू कोणी निवडले, रेषेचा अर्थ काय आणि कोण वगळले गेले, हे चित्राखाली स्पष्ट लिहिलेच पाहिजे. चित्राने शोधाची दिशा जरूर दाखवावी. निवाडा मात्र पुराव्यानेच व्हावा.