सोयीचा पडदा

आधारवाडी तुरुंगातून कल्याणच्या न्यायालयात किंवा ठाणे कारागृहातून जिल्हा न्यायालयात आरोपी आणायचा म्हणजे गाडी हवी, पोलीस पार्टी हवी. पोलीस बंदोबस्तात अडकले की पुढची तारीख पडते आणि साक्षीदार रोज बुडवून घरी जातो. त्यामुळे आरोपीला तुरुंगातूनच पडद्यावर हजर करणे सोयीचे वाटते. कोठडीची मुदत वाढवण्यापुरते ते ठीक. पण साक्ष चालू असतानाही चालेल का?

पुरावा आरोपीसमोर नोंदवावा, हा मूळ नियम. त्याला पहिली मोठी मुरड मुंबईच्याच खटल्यात पडली. डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्यावरील वैद्यकीय हलगर्जीपणाच्या प्रकरणात न्यूयॉर्कचे डॉक्टर साक्षीसाठी भारतात यायला तयार नव्हते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घ्यायला मान्यता दिली. ते योग्यच होते. नाहीतर तो पुरावाच हातचा जात होता. (डॉ. देसाई पुढे २०१३ मध्ये निर्दोष सुटले.) १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्ये तर दृक्‌श्राव्य माध्यमाचा स्पष्ट उल्लेखच आहे.

दुसरी मुरड पोक्सोची, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याची. साक्ष देताना बालकाला आरोपी दिसता कामा नये आणि वकिलाचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फत जावेत. यात उलटतपासणीची धार बोथट होते, ही वकिलांची तक्रार खोटी नाही. तरी भेदरलेल्या मुलापुढे ती मला दुय्यम वाटते. पण त्याच कायद्याचे कलम ३६ आणखी एक गोष्ट सांगते: आरोपीला साक्ष ऐकू आली पाहिजे आणि वकिलाशी बोलता आले पाहिजे.

इथेच तुरुंगातला पडदा उणा पडतो. "हा खोटं बोलतोय, त्या दिवशी दुकान बंद होतं," हे वकिलाच्या कानात त्याच क्षणी सांगता आले, तरच पुढचा प्रश्न निघतो. आवाज तुटत असेल, शेजारी शिपाई उभा असेल, तर कच्चा कैदी काय सांगणार?

डॉक्टर, न्यायवैद्यक तज्ज्ञ, बदली झालेले अधिकारी पडद्यावरून बोलले तर वेळ वाचतो, क्वचितच काही बिघडते. घटना डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या साक्षीच्या दिवशी आरोपीने मागणी केली तर त्याला न्यायालयात आणलेच पाहिजे. पोलीस कमी आहेत ही सरकारची अडचण आहे, त्याची नव्हे. तेवढेही जमत नसेल, तर वकील आणि अशील यांच्यात तिसऱ्याला ऐकू न येणारी स्वतंत्र फोन लाइन द्यावी आणि उलटतपासणी संपवण्याआधी दोघांना बोलायला पाच मिनिटे.