निवृत्ती नसलेली तालीम

सेचुआन प्रांतातला ली चिंग-युन नावाचा एक वनौषधीविक्रेता १९३३ साली वारला, तेव्हा त्याचे वय २५६ वर्षे असल्याच्या बातम्या देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी छापल्या. चीनमधल्या ज्या युद्धकलांना 'अंतर्गत' म्हटले जाते, म्हणजे ताय ची, शिंगयी आणि बाग्वा, त्यांच्याभोवती अशा भाकडकथांचे रान माजलेले आहे. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, झुळकीसारखे हलणारे हात आणि शंभरी ओलांडल्याचा दावा, हे चित्र इतके विकले गेले आहे की ते पाहून सुज्ञ माणूस पाठ फिरवतो. पण ज्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा ठाऊक आहेत अशा गुरूंची यादी समोर ठेवली की वेगळेच दिसते. आज जगभर जी संथ, लयदार ताय ची केली जाते तिला रूप देणारे यांग चेंगफू १८८३ साली जन्मले आणि १९३६ साली गेले. वय अवघे ५३. त्यांचे शिष्य झेंग मानचिंग यांनी ही विद्या न्यूयॉर्कमध्ये रुजवली; ते १९७५ साली सत्तरीच्या सुरुवातीलाच वारले. दुसऱ्या बाजूला शांघायचे मा युएलियांग (१९०१–१९९८) आणि त्यांच्या पत्नी वू यिंगहुआ (१९०७–१९९६). आणि चेंगफूंचेच चिरंजीव यांग झेनदुओ २०२० साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. एकच घराणे, एकच तालीम. बाप ५३, मुलगा ९४. तेव्हा ताय चीने आयुष्य वाढते असे म्हणणाऱ्याने आधी या बापलेकांचा हिशेब द्यावा.

दीर्घायुष्याचा मुद्दा असा बाजूला सारला तरी एक गोष्ट उरतेच, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. मा युएलियांग यांच्या उतारवयातल्या चित्रफिती उपलब्ध आहेत. त्यांत ते कुणाला आशीर्वाद देत खुर्चीत बसलेले नाहीत. तरुण जोडीदाराच्या हाताला हात लावून त्याचा तोल काढत आहेत. ते जगले किती, यापेक्षा साधक म्हणून किती काळ उभे राहिले हे पाहायला हवे. आपल्या कुस्तीत पैलवान पस्तिशी-चाळिशीत आखाड्याबाहेर येतो आणि वस्ताद होतो. मान मिळतो, पण त्याची स्वतःची कुस्ती संपलेली असते. सत्तरीतही शिकत राहण्याची, पल्ला आखडला तरी गाणे खोल होत जाते असे म्हणवून घेण्याची सवलत आपण गायकाला देतो, शरीराच्या विद्येला देत नाही. चिनी अंतर्गत कलांनी ती दिली, आणि ती केवळ वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून नव्हे. विद्येच्या घडणीतच तशी सोय आहे.

सोय कशी, तेही पाहण्यासारखे आहे. ताय चीचा उगम बहुतेक अभ्यासक हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात मानतात. तिथल्या हालचालींच्या जुन्या संचात उड्या आहेत, जमिनीवर पाय आपटणे आहे, एकाएकी फुटणारे फटके आहेत. यांग लुचान ही विद्या एकोणिसाव्या शतकात बीजिंगला घेऊन गेले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिच्यातल्या उड्या व आपटणे काढून वेग एकसारखा केला. शिवाय हाच संच खालच्या पवित्र्यात करता येतो, मध्यम उंचीवर करता येतो, जवळजवळ ताठ उभे राहूनही करता येतो. हालचाली मोठ्या ठेवता येतात, लहानही करता येतात. विशीतल्या मुलाने खाली राहावे आणि ऐंशीतल्या आजोबांनी उंच राहावे; दोघेही संच पूर्णच करतात, कुणी अर्धा सोडत नाही. सुन लुतांग (१८६०–१९३३) यांचे उदाहरण तर बोलके आहे. शिंगयी आणि बाग्वा या दोन्हींत नाव कमावलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर हाओ वेइझेन यांच्याकडे ताय ची शिकायला बसला, आणि तिन्हींच्या मिश्रणातून त्याने उंच पवित्र्याची, छोट्या पावलांची स्वतःची शैली उभी केली. सिडनीचे डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी ताय चीचा अभ्यासक्रम बेतला, तेव्हा त्यांनी मुख्यतः हीच शैली उचलली. पन्नाशीनंतर शिकलेल्या माणसाची शैली गुडघेदुखीच्या माणसांना मानवावी, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

म्हातारपणी शरीर साथ सोडते म्हणजे नेमके काय होते? हृदय, फुप्फुसे, स्नायू यांची चर्चा आपण करतो. पण स्वतंत्रपणे जगणे अनेकदा एका पडण्याने संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत सर्वाधिक वाटा वृद्धांचा असतो. माणूस पाय अडखळून पडतो, घसरून पडतो, असे आपण धरून चालतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोन वृद्धनिवासांतल्या सामाईक जागांत कॅमेरे लावून प्रत्यक्ष पडण्याची २२७ दृश्ये तपासली गेली. तो अभ्यास २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अडखळून पडलेले २१ टक्के निघाले. सर्वांत मोठे कारण, ४१ टक्के, हे शरीराचा भार चुकीच्या रीतीने हलवणे. वळताना, वाकताना, खुर्चीत बसताना, नुसते उभे असतानासुद्धा. आता ताय चीच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात काय शिकवतात ते पाहा. पाऊल टाकायचे ते रिकामे; टेकल्यावर, जमीन पटल्यावर मगच त्यात भार ओतायचा, आणि नाही पटली तर पाय विनासायास मागे घेता आला पाहिजे. त्यात पुढे चालणे आहे, मागे चालणे आहे, बाजूला सरकणे आहे. बाग्वामध्ये तर वर्तुळात चालत सतत वळणेच आहे. कॅमेऱ्याने टिपलेली चूक आणि शतकानुशतके घोटून घेतलेली ही सवय समोरासमोर ठेवली, तर 'ची' नावाच्या अदृश्य शक्तीला मध्ये आणण्याची गरज उरत नाही. त्या शक्तीचा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. पण 'ची पायात उतरू दे' असे म्हणून शिक्षक जर विद्यार्थ्याकडून खांदे सैल आणि भार खाली करून घेत असेल, तर शिकवण्याची खूण म्हणून तो शब्द खुशाल राहू द्यावा.

प्रयोगांचे आकडे उत्साहवर्धक आहेत, पण एकसुरी नाहीत. अटलांटात सत्तरीपुढच्या २०० जणांवर झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पंधरा आठवड्यांच्या ताय चीने वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटला. २०१८ मध्ये ओरेगनमधल्या ६७० जणांच्या चाचणीत ताण देण्याच्या व्यायामाच्या तुलनेत पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, आणि ताकद, तोल व चालणे एकत्र असलेल्या व्यायामाच्या तुलनेतही ३१ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र अटलांटाच्याच गटाने २००३ मध्ये खंगत चाललेल्या ३११ वृद्धांवर प्रयोग केला, तेव्हा फरक ठामपणे सांगण्याइतका निघाला नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली २६९ जणांच्या चाचणीत तर काहीच फायदा दिसला नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात पडणे कमी करण्यात तोलाच्या साध्या व्यायामांचा परिणाम २४ टक्के आणि खात्रीचा. ताय चीचा १९ टक्के आणि कमी खात्रीचा. ताय चीचे भक्त हे शेवटचे तीन दाखले सहसा सांगत नाहीत.

मग साधे व्यायामच का करू नयेत? जरूर करावेत, डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने नेमून दिले असतील तर तेच आधी करावेत. पण चाचणी काही महिन्यांची असते आणि म्हातारपण वीस-पंचवीस वर्षांचे. खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर दहा वेळा उभे राहणे हा उत्तम उपाय आहे, पण त्यात दहाव्या वर्षी शिकण्यासारखे काय उरते? ताय चीच्या संचात दहाव्या वर्षीही गुरू मनगटाचा कोन दुरुस्त करत असतो, आणि जोडीदाराबरोबर हात लावून तोल जोखण्याच्या सरावात समोरचा माणूस रोज नवा प्रश्न टाकतो. विद्या माणसाला उद्या परत बोलावते, व्यायाम बहुधा आठवण करून द्यावा लागतो. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. मात्र वृद्धांच्या व्यायामाच्या योजना आखताना तो कुणी फारसा विचारात घेत नाही, याची खंत वाटते.

यावर एक रास्त आक्षेप असा की चीनमधल्या बागांत ताय ची करताना दिसतात ते टिकलेले म्हातारे. जे पडले, अंथरुणाला खिळले, ते बागेत येतच नाहीत. खरे आहे. चीनची परिस्थितीही वेगळी. तिथे दीर्घकाळ कामगार स्त्रिया पन्नासाव्या आणि पुरुष साठाव्या वर्षी निवृत्त होत आले. २०२५ पासून ही वये हळूहळू वाढवली जात आहेत. पन्नाशीत मोकळी झालेली सकाळ, जवळची बाग आणि १९५६ साली सरकारी क्रीडा आयोगाने बेतलेला २४ हालचालींचा सोपा संच या तिन्हींचा मेळ तिथे बसला. त्यामुळे ही निव्वळ प्राचीन संस्कृतीची किमया नाही. त्यात निवृत्तिवेतन आहे, नियोजन आहे. पण या आक्षेपातून उलट माझाच मुद्दा पक्का होतो. हे लोक ऐंशीव्या वर्षी सुरुवात करून डौलदार झाले नाहीत. पन्नाशीत शिकले म्हणून ऐंशीत त्यांच्याकडे जपण्यासारखे काही होते. खंगलेल्या वृद्धांवरचा अटलांटाचा प्रयोग फसण्यामागे बहुधा हेच कारण असावे.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. २०१७ साली चेंगदू शहरात मिश्र युद्धकलेचा खेळाडू शू शियाओदोंग याने ताय चीचा गुरू म्हणवणाऱ्या वेइ लेइला काही सेकंदांत लोळवले. ते दृश्य जगभर पाहिले गेले आणि ही युद्धकला नसून नाच आहे, अशी थट्टा सुरू झाली. वेइ लेइ हरला यात नवल नाही. जो कधी प्रतिकाराविरुद्ध सराव करत नाही तो प्रतिकारापुढे टिकत नाही. ऐंशी वर्षांचा साधक तिशीच्या खेळाडूला हरवेल असे सांगणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा फी गोळा करत असतो. तरीही लढाईचा आशय काढून टाकावा असे मला वाटत नाही. हा हात कुणाचा तरी धक्का वळवण्यासाठी आहे, हे पाऊल कुणाच्या तरी पायामागे जाण्यासाठी आहे, हे डोक्यात असले की कणा आपोआप सरळ राहतो आणि नजर जमिनीवरून उचलली जाते. शिवाय हलका धक्का घेऊन तोल सावरण्याची तालीम जोडीदाराशिवाय होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला मायेने धक्का देणारे फारसे कुणी भेटत नाही.

राहता राहिला आपल्याकडचा हमखास प्रश्न: घरात योग असताना चीनकडे कशाला पाहायचे? पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार नव्वदीनंतरही आसने करत होते, आणि दोर, ठोकळे, लोड वापरून तेच आसन कोणत्याही वयाच्या शरीराला झेपेल असे त्यांनी करून ठेवले. चेन गावातून निघालेल्या विद्येने उंच पवित्र्याने जे साधले तेच हे. तेव्हा भांडण योग आणि ताय चीचे नाही. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत, बागांतल्या मंडळांत वृद्धांना जे दिले जाते ते बहुतेक वेळा टाळ्या, हशा आणि चार फेऱ्या असे असते. सोबत मिळते, तीही मोलाची. पण कुणी काही शिकवत नाही, कुणाची चूक कुणी दुरुस्त करत नाही. योग असो, ताय ची असो, आठवड्यातून दोनदा येणारा शिक्षक हवा, तोही खुर्चीवरच्या हातवाऱ्यांपुरता नको. उभे राहणे, वळणे, मागे पाऊल टाकणे घोटून घेणारा हवा. ओरेगनच्या अभ्यासक्रमात अवघ्या आठ हालचाली आहेत. तेवढ्या शिकवू शकतील असे शिक्षक तयार करायला महापालिकांना मोठा निधी लागणार नाही. आणि वर्गाच्या फलकावर 'ज्येष्ठांसाठी' असे लिहू नये, म्हणजे पन्नाशीतली माणसेही लाज न वाटता आत येतील.