कापडावरचा वाघ

टोप्यांवर, दप्तरांवर आणि जॅकेटांवर शिवलेले रंगीत बिल्ले तुम्ही बाजारात पाहिले असतील. एखाद्यावर गरुड असतो, एखाद्यावर विमान, तर एखाद्यावर वाघ. दिसायला छान म्हणून आपण ते विकत घेतो. पण असे बिल्ले मुळात कोण वापरतात आणि त्यांचा अर्थ काय, हे आपण विचारत नाही. मला वाटते, ते विचारायला हवे.

याचे चांगले उदाहरण फार दूर नाही. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ओलांडला की गोवा लागतो. तेथे दाबोळी येथे 'हंसा' नावाचा भारतीय नौदलाचा विमानतळ आहे. नौदलाकडे जहाजांप्रमाणे विमानेही असतात. या विमानांची पथके असतात. प्रत्येक पथकाला क्रमांक, नाव आणि चिन्ह असते. भरतकाम केलेल्या बिल्ल्याच्या रूपाने ते चिन्ह वैमानिकाच्या पोशाखावर दिसते.

३०० क्रमांकाच्या पथकाचे नाव आहे 'व्हाइट टायगर्स', म्हणजे पांढरे वाघ. हे पथक १९६० साली ब्रिटनमध्ये स्थापन झाले. त्या वेळी त्याच्याकडे 'सी हॉक' विमाने होती. १९७१ च्या युद्धात ही विमाने 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. पुढे ती जुनी झाली. १९८३ साली 'सी हॅरिअर' विमाने आली. ती थोडीशी धाव घेऊन उडत आणि हवेत थांबून सरळ खाली उतरत. ११ मे २०१६ रोजी त्यांनाही निरोप देण्यात आला आणि पथकाला 'मिग-२९ के' विमाने मिळाली. जुनी 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली आणि २०१४ साली भंगारात गेली. जहाज गेले, विमाने गेली, पहिले वैमानिक निवृत्त झाले. पांढरा वाघ मात्र राहिला.

कुणी म्हणेल, "लढाई विमाने करतात, बिल्ला करत नाही." हे खरे आहे. पण नवा वैमानिक जेव्हा तो वाघ अंगावर लावतो, तेव्हा आपल्या आधी या पथकात कोण होते आणि त्यांनी काय केले, याची त्याला आठवण राहते. त्यांच्या नावाला कमीपणा येऊ नये, ही जबाबदारी तो स्वीकारतो. तळहाताएवढे कापड एवढे मोठे काम करते. झेंडाही कापडाचाच असतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरील अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. म्हणून त्या कापडाकडे पाहताना मराठ्यांचे आरमार आणि आपला किनारा आठवतो.

या बिल्ल्यांमागे आणखी काही माणसे असतात. त्यांची नावे कुठेच लिहिलेली नसतात. रोजच्या पोशाखावरचे बिल्ले बहुधा यंत्रावर भरले जातात. समारंभाच्या कोटावरचे जरीचे बिल्ले मात्र कारागीर हाताने भरतात. या कामाला जरदोजी म्हणतात. तुम्हाला उर्दू येते, तेव्हा हा शब्द सहज उलगडेल. जर म्हणजे सोने आणि दोजी म्हणजे शिवणकाम. लाकडी चौकटीवर कापड ताणून बांधतात, जरीच्या तारेचे बारीक तुकडे करतात आणि सुईने एकेक तुकडा टाचतात. वाराणसीच्या लल्लापुरा भागातील कारागिरांनी परदेशी सैन्यांसाठीही असे बिल्ले तयार केले आहेत. बिल्ल्याचा मान राखायचा, तर या हातांचाही मान राखला पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. चित्र आवडले म्हणून टोपीवर वाघ लावण्यात गुन्हा नाही. पण सैनिक नसताना सैनिक असल्याचे भासवण्यासाठी असे चिन्ह वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि अर्थ न कळता चिन्ह मिरवणे हा गुन्हा नसला, तरी त्यात शोभाही नाही. चिन्ह लावा, पण आधी त्याची माहिती करून घ्या.

दाबोळीजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. सहलीला गोव्यात गेलात, तर तेथील 'सी हॉक' आणि 'सी हॅरिअर' अवश्य पाहा. त्याआधी एक काम येथेच करता येईल. जामसंडे-देवगड परिसरात तुमच्या ओळखीचे कुणी आजोबा किंवा चाचा नौदलातून निवृत्त झालेले असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांच्या पेटीत जुना बिल्ला असेल, तर तो कोणत्या पथकाचा किंवा जहाजाचा आहे, ते कोणत्या साली तेथे होते आणि त्यांचे काम काय होते, हे त्यांना विचारा. ते सांगतील ते एका कागदावर लिहा आणि तो कागद बिल्ल्याबरोबरच ठेवायला सांगा. असा कागद नसेल, तर उद्या घर आवरताना तो बिल्ला जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला दिला जाईल आणि त्याची गोष्ट पुन्हा कुणाला सांगता येणार नाही.