त्याच गोळ्या, तेच दुखणे

विषय जरा संकोचाचा आहे. लघवी हा शब्द आपण चारचौघांत उच्चारीत नाही. त्यातून कुत्रीची लघवी म्हटली की सुशिक्षित माणूस नाक मुरडतो आणि पान उलटतो. पण हा संकोचच या दुखण्याचे निम्मे कारण आहे, असे माझे मत झाले आहे. तरुण कुत्रीला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होऊ लागला की आपल्या घरांतून बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर 'घर खराब करते' म्हणून तिला मार बसतो, नाही तर मागच्या वेळच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवून औषधांच्या दुकानातून तसलेच दुसरे पाकीट आणले जाते. तिसरी गोष्ट, म्हणजे तिची लघवी नीट तपासून घेणे, ही कोणाला सुचतच नाही. वाचकहो, या तिसऱ्या गोष्टीचा कैवार घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आता ग्वाल्हेरचा यात संबंध काय, ते सांगते. आपल्या मासिकाचे मराठी आणि कन्नड विभाग जसे एकाच पुठ्ठ्यात नांदतात, तसे मुधोळचे कुत्रे दोन्ही भाषांच्या मालकीचे आहे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तेथील मालोजीराव घोरपडे यांनी ही सडपातळ, लांब पायांची शिकारी जात जोपासली. महाराष्ट्रात तिलाच कारवानी म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्यावर तिकीट काढले. ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाचे कुत्र्यांचे प्रशिक्षण केंद्र आहे, १९७० साली सुरू झालेले. अलीकडे तेथे आपल्या देशी जाती शिकविल्या जातात, आणि २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत विलायती जातींना मागे टाकून पहिली आली ती दलाची 'रिया' नावाची मुधोळ कुत्री. कुत्रा नव्हे, कुत्री! आमच्याकडे पिल्लू आणताना 'नरच बघा हो' असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दलातल्या कुत्रीला दलाचे पशुवैद्य असतात. घरातल्या कुत्रीला फक्त घरातल्यांची दया असते, आणि दया ही फार बेभरवशाची वस्तू आहे. माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरला, लष्कर भागात गेली. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून त्या वस्तीचे नाव लष्कर. आज तेथे फौज नाही, पण जुन्या मराठी घरांतून वाडे आणि वाड्यांच्या मोडतोडीतून झालेले मजले आहेत. अशाच एका दुसऱ्या मजल्यावर मावसभावाने हौसेने आपल्याकडची मुधोळ कुत्री नेली. नाव हरणी. दीड वर्षाची होईपर्यंत तिला चार वेळा हा त्रास झाला. दर वेळी तेच : पाच मिनिटांत पाचदा बसणार, दोन थेंब गळणार, थेंबांत लाली, मग कोपऱ्यात जाऊन तासभर चाटत राहणार. दर वेळी त्याच गोळ्या आल्या, तिसऱ्या दिवशी कुत्री बरी दिसली आणि उरलेल्या गोळ्या देवघराच्या फडताळात गेल्या. "हिला तर पुन्हा तेच होऊन राहिलं आहे गं," असे मावशीने चौथ्यांदा फोनवर सांगितले, तेव्हा काकांचे मत ठरून गेले होते. कुत्रीला वळण नाही. तिघऱ्याच्या बाजूला कोणा शेतकऱ्याकडे सोडून यावे.

हे 'सोडून येणे' फार सोज्वळ वाटते. पण घरात वाढलेल्या, आजारी, ऋतूवर न आलेल्या कुत्रीला अनोळखी रस्त्यावर सोडणे याचा अर्थ काय होतो, तो मी येथे लिहीत नाही.

वळणाचा प्रश्न येथे मुळातच गैरलागू आहे. ज्या जनावराला लघवी धरून ठेवताच येत नाही, त्याला वळण कसले लावणार? मूत्राशयाच्या अस्तराला सूज आली की थेंबभर लघवीनेही ते भरल्यासारखे वाटते. मादीचा मूत्रमार्ग नरापेक्षा आखूड आणि रुंद, आणि त्याचे द्वार गुदद्वाराच्या जवळ. त्यामुळे आतड्यातले जंतू, विशेषतः ई. कोलाय, वर चढायला फार वाट चालावी लागत नाही. एरवी भरपूर आणि वेळेवर होणारी लघवीच हे जंतू धुऊन काढते. परंतु ग्वाल्हेरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांकडे चाललेला, सकाळी नवापासून लू वाहू लागते, गच्ची तापते, रस्त्यावर पाय ठेववत नाही. दुसऱ्या मजल्यावरची कुत्री सकाळी आठला खाली जाते ती संध्याकाळी सातला. अकरा तास! पाण्याचे भांडे दुपारी कोमट होते, म्हणून ती पीतही कमी. जंतूंना याहून सोयीची धर्मशाळा कोठे मिळणार? कुत्रीला वळण लावण्यापेक्षा दुपारी सावलीत एकदा खाली नेण्याचे आणि भांड्यातले पाणी बदलण्याचे वळण माणसांना लावणे सोपे आहे.

एवढ्याने मात्र चार वेळच्या दुखण्याचा उलगडा होत नाही. एकदा झालेला संसर्ग आणि वारंवार होणारा संसर्ग यांत मोठा फरक आहे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला की पशुवैद्यकात त्याला 'वारंवार होणारा' म्हणतात, आणि मग प्रश्न बदलतो. 'कोणती गोळी द्यावी?' हा प्रश्न मागे पडून 'हे परत का येते?' असे विचारावे लागते. त्याहून नेमके विचारायचे तर : परत आलेले जंतू तेच आहेत की नवे? तेच असतील तर ते कधी गेलेच नव्हते. गोळी त्यांच्यावर चालत नव्हती, अर्धवट दिली होती, किंवा मूत्राशयातल्या खड्यासारख्या जागी ते दडून बसले होते. दर खेपेस नवे येत असतील, तर दार कोठे तरी उघडे आहे. तरुण कुत्रीत अशी दारे निरनिराळी असतात. काहींचा बाह्यभाग आत ओढलेला आणि वरून कातडीची घडी पडलेला असतो. घडीत ओल राहते, कातडी सुजते. पहिल्या ऋतूनंतर हा दोष पुष्कळदा आपोआप कमी होतो. म्हणून अशा कुत्रीची नसबंदी थोडी थांबून करावी, असे जाणकार सांगतात. काहींची मूत्रवाहिनी जन्मतःच मूत्राशयात न उघडता पुढे भलतीकडे उघडते. अशी कुत्री पिल्लूपणापासून सतत ठिबकत राहते, झोपल्या जागी ओले होते. तिला लाख गोळ्या द्या, ठिबकणे थांबणार नाही. ते शस्त्रक्रियेचे काम आहे.

'तेच की नवे' हे नुसते लघवीच्या रंगावरून ओळखता येत नाही, वासावरूनही नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागतात आणि कोणते औषध त्यांना मारते ते तपासावे लागते. दोन-तीन दिवस लागतात. नमुना घ्यायचा तो गोळी सुरू करण्यापूर्वी, आणि शक्य तर पोटातून बारीक सुई मूत्राशयात घालून; म्हणजे वाटेतल्या कातडीवरचे जंतू त्यात मिसळत नाहीत. ऐकायला भयंकर वाटते, पण सरावलेल्या हाताला मिनिटभराचे काम आहे. माणसांसाठी निघालेल्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या बुडवून घरीच निदान करणाऱ्यांनी हेही जाणावे की पांढऱ्या पेशी दाखविणारा त्यांतला चौकोन कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही.

हरणीला अखेर एका पशुवैद्यांकडे नेले, आणि त्यांनी गोळी लिहून देण्याचे साफ नाकारले. मला हा माणूस फार आवडला. त्यांनी नमुना घेतला. पण तो तपासणार कोण? मध्य प्रदेशातली सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये जबलपूर, महू आणि रीवा येथे. एवढ्या मोठ्या ग्वाल्हेरात माणसांच्या लघवीचा तपास करणाऱ्या प्रयोगशाळा गल्लोगल्ली, परंतु पहिल्या दोघींनी 'जनावराचे घेत नाही' म्हणून बाटली परत दिली. तिसरीने घेतली. तिथल्या छापील फॉर्मवर रुग्णाचे नाव हरणी, वय दीड वर्ष, लिंग स्त्री, आणि 'पिता अथवा पती' या रकान्यात आमच्या काकांचे नाव! काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

अहवाल आला त्यात ई. कोलाय नव्हताच. स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू होते आणि फडताळातल्या गोळ्यांना ते मुळीच दाद देत नव्हते. हे जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करून तिचा आम्लपणा घालवतात, आणि अशा लघवीत स्ट्रुव्हाइट नावाचे खडे धरतात. पशुवैद्यांनी लगेच क्ष-किरण चित्र काढले. मूत्राशयात चिंचोक्याएवढा खडा! जंतू खड्यात बसून होते. गोळ्या खाल्ल्या की बाहेरचे थोडे मरत, कुत्री बरी दिसे, आणि महिन्या-दीड महिन्यात आतले पुन्हा बाहेर येत. या जातीचा खडा योग्य औषध आणि ठरावीक आहार यांनी काही आठवड्यांत विरघळू शकतो. ऑक्सलेटचा असता तर विरघळला नसता, काढावाच लागला असता. हरणीचा विरघळला. आहाराचे ते डबे दिल्लीहून मागवावे लागले आणि महाग पडले, हे खरे. पण चार वेळच्या गोळ्या, धुण्याची पावडर आणि फेकून दिलेली एक गादी यांचा हिशेब मावशीने मांडून दाखवला, तेव्हा काकांनी विषय बदलला.

येथे कोणी म्हणेल, ज्या देशात माणसांना औषध मिळत नाही, तेथे कुत्रीच्या लघवीचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर भूतदयेने देण्याची मला गरज वाटत नाही. कुत्रीच्या मूत्राशयात वाढलेला निगरगट्ट जंतू तिच्या मूत्राशयापुरता राहत नाही. एकाच घरातल्या माणसांत आणि कुत्र्यांत एकाच वाणाचे ई. कोलाय सापडल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. ज्या फरशीवर ते थेंब पडतात, त्याच फरशीवर घरातले मूल रांगते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात बजावले होते की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतले, तर जंतू मरण्याऐवजी त्याला सरावतील. आपल्या सरकारने काही महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-१' या यादीत घालून २०१४ पासून दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे बंधनकारक केले. कायदा आहे. आणि काउंटरवर रिकामे पाकीट दाखवताच नवे पाकीट देणारा हातही आहे. त्या हातापुढे पैसे धरणारा हात आपला असतो, हे विसरून दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

यावरून 'गोळ्या जास्त दिवस द्या' असा अर्थ मात्र कोणी काढू नये. साधा, पहिल्यांदाच झालेला संसर्ग तीन ते पाच दिवसांच्या योग्य औषधाने आटोक्यात येतो, असे आजचे शास्त्र सांगते; २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही तेच आहे. लघवीत जंतू सापडले पण कुत्रीला काहीच त्रास नाही, तर बहुधा औषध देऊच नये, असेही त्यात म्हटले आहे. शिवाय वाढत्या पिल्लाला फ्लुरोक्विनोलोन वर्गाच्या गोळ्या सांध्यांच्या कूर्चेला अपाय करू शकतात, आणि माणसांची आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी तर कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला विषासारखी आहे. 'दुखत असेल बिचारीला' म्हणून अर्धी गोळी घालणारे दयाळू हात मी पाहिले आहेत. ऋतू होऊन महिना-दोन महिने झालेली कुत्री एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, स्राव दिसू लागला, तर तो गर्भाशयात पू झाल्याचा प्रकार असू शकतो. तेथे नमुन्याच्या अहवालाची वाट पाहत न बसता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

जाता जाता, आपल्या विद्यार्थिनींशी थोडे. संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण महाविद्यालयाचे स्वच्छतागृह जाण्यासारखे नाही, असे सांगणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात निघतात. त्यांतल्या कितीजणी जळजळीबद्दल घरी बोलतात, आणि कितीजणी मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेतात? हरणीला निदान बोलता येत नव्हते.

मागणी अगदी लहान आहे. माणसांच्या लघवीतले जंतू ज्या पेटीत वाढवितात, त्याच पेटीत कुत्रीचेही वाढतात; त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. ज्या गावाजवळ पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही, तेथील खासगी प्रयोगशाळांनी जनावरांचे नमुने पशुवैद्याच्या चिठ्ठीवर, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या खणात, स्वीकारावेत. आपल्या गावातल्या प्रयोगशाळा स्वीकारतात की नाही, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी फिरून विचारून यावे आणि स्वीकारणाऱ्यांची नावे मराठीत व कन्नडमध्ये लिहून गावातल्या प्रत्येक पशुवैद्याच्या दारावर लावावीत. फॉर्मवरचा तो पती-पित्याचा रकाना तेवढा बदलून घ्यावा.