पूररेषा आणि दारिद्र्यरेषा

दरवर्षी आषाढ-श्रावणात वृत्तपत्रांच्या पानांवर तेच चित्र उमटते. नदीला पूर येतो, घरे कोसळतात, मंत्रिमहोदय पाहणी करतात, पंचनाम्यांचे आदेश सुटतात आणि मदत दिवाळीपूर्वी मिळणार की नंतर यावर विधिमंडळात वाद झडतो. पुढच्या पावसाळ्यात तीच घरे त्याच जागी पुन्हा उभी असतात व पुन्हा पाण्यात जातात. या साऱ्या व्यवहारात पूर हा निसर्गाचा कोप समजला जातो. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती नाही, हे खरेच. परंतु नदीच्या काठाशी कोणी राहावे आणि उंचावरची कोरडी जागा कोणाला मिळावी, हे मात्र सर्वस्वी माणसाने ठरविलेले असते. म्हणून पुराचा प्रश्न हा जितका पाण्याचा आहे, तितकाच जमिनीच्या वाटपाचा आहे, आणि जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आला की समाजवाद्यांना तो टाळता येत नाही.

मी मूळचा वडनेर भोलजीचा. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातले, मलकापूर-नांदुरा मार्गावरचे हे गाव. आमच्या भागातील नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावतात आणि घाट उतरून उत्तरेकडे पूर्णेला मिळायला धावतात. वर्षातील आठ-नऊ महिने त्यांच्या पात्रांत वाळू आणि गोटे यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. याच कारणाने माणूस फसतो. वर घाटावर पाऊस कोसळला की काही तासांत पाणी खाली येते. काळी जमीन एकदा भिजून फुगली की तिच्यात पाणी मुरत नाही, ते वरूनच वाहू लागते. त्याच वेळी पूर्णाही दुथडी असेल, तर लहान नद्यांच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही व ते मागे गावाकडे फुगते. २०२३ च्या जुलैत आमच्याच जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांनी हा अनुभव घेतला.

आमच्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. मराठी मुलखात गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि कसण्याच्या जमिनीला 'काळी' म्हणतात. ही पांढरी बहुतेक ठिकाणी उंचवट्यावर असते. नदी जवळ हवी, पण नदी दारात नको, असा तो हिशेब होता. मात्र या शहाणपणाला एक काळी किनार होती. उंच पांढरीवर कोणी राहायचे हे जातीने ठरत असे. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांच्या वाट्याला अनेक गावांत नाल्याकाठचा उतार आला. पुराचे पाणी जात पाहत नाही, असे आपण भाषणांतून सांगतो. पाणी पाहत नसेल. पण ज्यांनी जागा नेमून दिल्या त्यांनी ती पाहिली होती.

स्वातंत्र्यानंतर गाव वाढले. ज्यांच्याकडे पैसा होता ते हमरस्त्याच्या बाजूला सरकले. ज्यांच्याकडे नव्हता ते नाल्याच्या बाजूला. माझ्या लहानपणी आमच्या जुन्या घरात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. गल्लीतला रस्ता मुरमाचा झाला, मग खडीचा झाला, मग काँक्रीटचा झाला. प्रत्येक वेळी जुन्या थरावर नवा थर चढला आणि आज त्याच घरात जाताना एक पायरी उतरावी लागते. घर जागचे हलले नाही, रस्त्याने त्याला खड्ड्यात घातले. हे काम करणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पाण्याची पातळी मोजून मग बांधायचे, हा नियमच कोणाच्या मनात नव्हता, एवढेच. महामार्ग व रेल्वे यांचे उंच भराव नदीच्या वाटेवर आडवे पडतात, तेव्हा हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. मोरीचे तोंड अपुरे असेल तर भराव म्हणजे धरणाची भिंतच, आणि त्या धरणाचे बुडीत क्षेत्र म्हणजे वरच्या बाजूची वस्ती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पाटबंधारे खात्याने २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने राज्यात निळ्या व लाल पूररेषेची पद्धत घालून दिली. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, साधारणपणे तेथे निळी रेषा; शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, तेथे लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध. निळी व लाल यांमधला नियंत्रित. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनेही हीच विभागणी मान्य केली. निषिद्ध पट्ट्यात बाग, मोकळे मैदान, वाहनतळ, ओट्यांचा भाजीबाजार अशा गोष्टी चालतील. नियंत्रित पट्ट्यात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटीमीटर उंच घ्यावे लागेल. कागदावर हा नियम चांगला आहे, आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र सामान्य माणसाचा मोठा गैरसमज होतो. मागल्या साली पूर आला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही, असे लोक समजतात. वस्तुतः त्याचा अर्थ असा की, असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी शंभरात चार असते. घराचे आयुष्य पन्नास वर्षे धरले, तर निळ्या रेषेवरील घरात त्या काळात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता शंभरात सत्त्याऐंशीच्या घरात जाते. लाल रेषेवरील घरालाही ती चाळीसच्या आसपास असते. जो माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो, त्याच्यासाठी हा धोका दुर्मिळ नव्हे. तो जवळजवळ ठरलेला आहे. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडला, तर चौथी शिकलेल्या माणसालाही कळेल. पण तो मांडणार कोण?

आणि इथेच नियमाचे वर्गचरित्र उघडे पडते. ज्याचा भूखंड मोठा आहे व त्याचा काही भाग निषिद्ध पट्ट्यात जातो, त्याला त्या भागाचे चटईक्षेत्र उरलेल्या जमिनीवर वापरण्याची सोय नियमावलीत आहे. म्हणजे त्याचे नुकसान भरून निघते. पण ज्याच्यापाशी उरलेली जमीनच नाही, ज्याचे सारे घर एका गुंठ्यात मावते व तो गुंठाही नाल्याकाठी आहे, त्याने चटईक्षेत्र कोठे न्यायचे? ४५ सेंटीमीटरची अट श्रीमंताला भरावाच्या खर्चाची बाब वाटते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये ठरविण्यात आले. त्यातून भिंती आणि छप्पर उभे करतानाच लाभार्थी कर्जबाजारी होतो, तो जोत्याची उंची कोठून वाढविणार?

मदतीच्या वेळी हाच भेद अधिक क्रूर होतो. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णपणे पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि झोपडीला ८ हजार रुपये धरले गेले, आणि घराचे बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा अशी अट घातली गेली. ज्याला कोणीही अधिकृत जागा दिली नाही, त्याच्याकडे तो अधिकृत असल्याचा दाखला मागायचा, याला न्याय म्हणावे काय? ज्याची जागा सर्वांत धोक्याची, त्याचाच कागद सर्वांत कच्चा, आणि म्हणून त्याचीच मदत सर्वांत कमी. पूररेषा आणि दारिद्र्यरेषा या दोन निराळ्या रेषा आहेत, असे सरकार मानते. गावात उभे राहून पाहिले, तर त्या बऱ्याच ठिकाणी एकाच नाल्याच्या काठाने जातात.

आपल्यातील काही कार्यकर्ते यावर एक आक्षेप घेतात, आणि तो प्रामाणिक आहे. ते म्हणतात, पूररेषेचा आग्रह धरला की पहिला घाला झोपडीवर पडतो. शहरांत तसे अनेकदा झाले आहे. तेव्हा आपण नियमाची मागणी करणे म्हणजे गरिबांवर बुलडोझर बोलावणे होय. ही भीती निराधार नाही. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. नियम नसला म्हणजे गरीब सुरक्षित होतो असे नाही. तो नदीच्या हवाली होतो. ३० जुलै १९९१ रोजी आपल्याच विदर्भात, नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे, वर्धा नदीच्या पुराने २०४ माणसे नेली. गावाचे पुनर्वसन झाले ते त्यानंतर. पुनर्वसनाला मुहूर्त मिळण्यासाठी दोनशे चिता पेटाव्या लागणे, ही आपल्या नियोजनाची लाज आहे. तेव्हा प्रश्न नियम हवा की नको असा नाही. आधी जमीन की आधी हकालपट्टी, असा आहे. आपले उत्तर स्पष्ट असले पाहिजे: पर्यायी जागेचा कागद हाती पडल्याखेरीज एकही राहते घर हलवता कामा नये, आणि जागा दिल्यानंतर निषिद्ध पट्ट्यात एकही नवे घर उभे राहता कामा नये.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, एवढी जागा आहे कोठे? आमच्या नांदुरा तालुक्यात हा आक्षेप टिकत नाही. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पासाठी याच तालुक्यातील गावेच्या गावे उठविण्याचे व नव्या गावठाणांसाठी जमीन संपादन करण्याचे काम सरकारने हाती घेतले. त्यातील विलंब व अन्याय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण धरणासाठी जमीन घेता येते, तर पुरातून माणसे बाहेर काढण्यासाठी ती घेता येत नाही, हे कसे मानावे? अडचण जमिनीची नाही, प्राधान्याची आहे.

पूरमैदानाच्या वापराचे नियमन करणारा नमुना कायदा केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्येच राज्यांपुढे ठेवला होता. मणिपूरने १९७८ साली आणि राजस्थानने १९९० साली कायदा केला. महाराष्ट्राने मात्र परिपत्रके व नियमावल्या यांवरच काम भागविले. चिपळूण २००५ साली बुडाले आणि २०२१ साली पुन्हा बुडाले; सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले; प्रत्येक वेळी पूररेषेची चर्चा झाली आणि पाण्याबरोबर तीही ओसरली. मोठ्या शहरांत निदान चर्चा तरी होते. लहान नदीकाठच्या गावात तीही होत नाही. तेथे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावठाणातील बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देते. पण पाणी कोठवर येते याचा नकाशा समोर नसताना दिलेली परवानगी म्हणजे आंधळ्या हाताची सही. त्यातच, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील विकासयोग्य जमीन आकारणी भरताच अकृषिक मानण्याची तरतूद महसूल संहितेत झाली आहे. ती शेतकऱ्याच्या सोयीची आहे, यात संशय नाही. पण त्या २०० मीटरांत नाला असेल, तर तीच सोय भूखंड पाडून विकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. तो विकून मोकळा होतो आणि पाणी घेणाऱ्याच्या घरात शिरते.

मग आपण काय मागावे? प्रत्येक वस्तीच्या काठाने जाणाऱ्या नदी-नाल्याची पूररेषा सरकारने आखावी आणि ती कचेरीतल्या नकाशात न ठेवता गावात दगड रोवून दाखवावी. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान या इमारती लाल रेषेच्या वर असल्याच पाहिजेत. नियम पाळण्याची सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. नियंत्रित पट्ट्यातील घरकुलाला जोत्याच्या उंचीसाठी वेगळे अनुदान द्यावे. भूखंड पाडण्याच्या कोणत्याही परवानगीत पूरपातळीचा दाखला सक्तीचा करावा. रस्त्याचा थर चढविण्यापूर्वी जुना थर खरवडावा, आणि महामार्गाच्या मोऱ्यांची तपासणी ग्रामसभेसमक्ष व्हावी. मदतीसाठी मालकीच्या कागदाऐवजी प्रत्यक्ष वास्तव्य हा निकष मानावा. यांपैकी कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. पण त्यांतली प्रत्येक मागणी भूखंडाचा व्यापार करणाऱ्याच्या हितसंबंधाला कोठे ना कोठे धक्का देते, आणि म्हणूनच ती आपोआप मान्य होणार नाही.

१ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते. कामगार दिन व महाराष्ट्र दिन म्हणून आपण त्या दिवशी झेंडा लावतो. पावसाळ्याला तेव्हा महिना-सव्वा महिना उरलेला असतो. तत्पूर्वी प्रत्येक शाखेतील दोन-तीन कार्यकर्त्यांनी गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन नदीकाठाने एक फेरी मारावी. कोणत्या साली पाणी कोणत्या ओट्याला लागले होते, हे त्यांना तोंडपाठ असते. त्या खुणा चुन्याने भिंतींवर उमटवाव्या, त्यांच्या आत किती घरे येतात ती मोजावी, आणि ती यादी ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा. सरकारची रेषा यायची तेव्हा येईल. तोवर लोकांनी आखलेली ही चुन्याची रेषा प्रत्येक परवानगीच्या वेळी सरपंचाच्या व ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील, आणि त्या रेषेच्या आत राहणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही, एवढे तरी कळेल.